धागा: गाडी चालवणाऱ्याला फोन करणारे आपणच असतो

अंत्रुजकर (धागाकर्ता)

यंदा पाऊस सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असताना माझ्या मुलीचा अपघात झाला. ती गोव्यात फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून लोटलीमार्गे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते आणि संध्याकाळी त्याच वाटेने स्कूटरवरून परत येते. उजव्या खांद्याचे हाड मोडले, गुडघ्याला सात टाके पडले, हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. आता ती चालतीफिरती आहे, म्हणूनच हे लिहायला हात धजावतो आहे.

अपघात झाला त्या क्षणी ती फोनवर बोलत होती आणि फोन मी केला होता. त्या दिवशी पावसामुळे संध्याकाळचा पोदेर, म्हणजे पाववाला, आलाच नाही, म्हणून "येताना पाव आण" एवढेच मला सांगायचे होते. तिने फोन नेहमीप्रमाणे हेल्मेटमध्ये कानाशी खुपसलेला होता. "लोटलीच्या पुढे आलेय बाबा, किती आणू?" असे तिने विचारले, मी "दहा" म्हणालो, आणि मग पत्रा घासल्यासारखा आवाज आला. फोन बंद पडला नव्हता. पलीकडून कुणीतरी "चेडूं पडलें, चेडूं पडलें" (मुलगी पडली) असे ओरडत होते आणि त्यामागे नुसता पाऊस ऐकू येत होता. तो आवाज मी कधी विसरेन असे वाटत नाही.

रस्त्यात बैल बसला होता. आपल्याकडे पावसात गुरे ओली माती सोडून डांबरावर येऊन बसतात, हे तिला ठाऊक आहे. त्या वळणावर ती रोज वेग कमी करते. मी नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बैल मला दिसला होता. पण दिसला आहे हे मला उशिरा कळले." या वाक्याचा अर्थ मला नीट लागलेला नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

मुलांनी गाडीवर फोन घेऊ नये, असे मी तिला अठराव्या वर्षापासून सांगत आलो. ती कामावरून निघण्याची वेळ मला ठाऊक असते, रस्त्याला किती वेळ लागतो हेही ठाऊक असते, आणि नेमक्या त्याच पाऊण तासात मी तिला फोन करत होतो, कारण तिची काळजी त्याच पाऊण तासात वाटते. आपल्यापैकी आणखी कुणाच्या घरी असे चालते का, आणि चालत असेल तर ते तुम्ही कसे थांबवले, हे जाणून घ्यायचे आहे.

साष्टीकर

काका, मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरे वाटले. शंका अशी आहे की फोन हेल्मेटमध्ये खुपसणे धोक्याचे आहे हे मान्य, पण त्याऐवजी ब्लूटूथ वापरले तर काय बिघडते? मी दोन वर्षांपासून मडगाव ते पणजी रोज तसाच जातो. दोन्ही हात हँडलवर असतात, नजर रस्त्यावर असते. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतोच ना?

मुळगावचा

साष्टीकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आणि काकांच्या मुलीच्या त्या वाक्याचा अर्थ एकच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी अभियंता आहे, वैद्यकीय माणूस नव्हे, पण या विषयाचे वाचन बरेच केले आहे.

आधी हात आणि नजर. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सावध माणसालाही सुमारे दीड सेकंद लागतो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच 25 मीटर संपतात. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर साधारण 20 मीटर आणि ओल्या रस्त्यावर 35 मीटरच्या आसपास गाडी घसटत जाते. झुआरीच्या नव्या पुलावर 80 च्या वेगाने जाताना पाच सेकंद फोनकडे पाहिले, तर त्या पाच सेकंदांत गाडी 111 मीटर पुढे गेलेली असते. फुटबॉलचे मैदान साधारण 105 मीटर लांब असते. आपण गोंयकार मंडळी फुटबॉल जाणतो, तेव्हा एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत डोळे मिटून गाडी चालवण्याची कल्पना प्रत्येकाने स्वतःच करावी. पाच सेकंद हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी मालमोटारींत कॅमेरे बसवून केलेल्या आणि 2009 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, संदेश लिहिणाऱ्या चालकांची नजर सहा सेकंदांच्या अवधीत सरासरी 4.6 सेकंद रस्त्यावरून हटलेली आढळली, आणि अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका 23 पट निघाला.

आता ब्लूटूथ. टोरांटोतील 699 चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास 1997 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट असतो, असे त्यात दिसले, आणि फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका त्यामुळे कमी झालेला दिसला नाही. कारण बोलण्यासाठी लागते ते मन, आणि ते एकच असते. युटा विद्यापीठातील प्रयोगांत, फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्यावरच्या वस्तूवर नेमकी पडलेली असूनही ती वस्तू पाहिल्याचे त्यांना नंतर आठवत नव्हते. डोळ्यांनी बैल टिपला होता, पण मेंदू "किती पाव" या हिशोबात होता. काका, मुलीने शास्त्रज्ञांच्या भाषेपेक्षा नेमके सांगितले आहे.

शेजारी बसलेल्या माणसाचे म्हणाल, तर तो रस्ता पाहत असतो. समोर ट्रक वळला की तो आपसूक गप्प होतो, कधी "अरे, बघ" म्हणून ओरडतोही. फोनवरच्या माणसाला तुमच्यापुढचा ट्रक दिसत नाही, त्यामुळे तो बोलतच राहतो आणि उत्तराची वाटही पाहतो.

स्कूटरबद्दल एक बारकावा सांगतो, तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा त्याहून चांगली व्यवस्था सक्तीची आहे. जोडब्रेकच्या स्कूटरवर डाव्या हाताचा दांडा दाबला की पुढचे आणि मागचे दोन्ही ब्रेक एकत्र लागतात. उजव्या हातात एक्सिलरेटर असल्यामुळे फोन धरायला मोकळा होतो तो डावा हात. म्हणजे दोन्ही चाके आवरणारा दांडाच नेमका रिकामा पडतो, आणि घाईघाईत उजव्या हाताने नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला की ओल्या रस्त्यावर स्कूटर लोळण घेते.

जुना_चालक

मी एकतीस वर्षे प्रवासी बस चालवली, त्यांतली बरीच वर्षे डिचोली, साखळी, वाळपई या भागात आणि काही काळ चोर्ला घाटात गेली. आता निवृत्त आहे. वरचे सगळे आकडे मला कळले असे नाही, पण पूर्वी प्रत्येक बसमध्ये चालकाच्या डोक्यावर "चालकाशी बोलू नये" अशी पाटी असायची, ती आठवली. तेव्हा ती वाचून प्रवासी हसायचे. फोन निघण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी शहाण्या माणसाने ती लिहून ठेवली होती.

फोन नव्हता तेव्हाही आमचे लक्ष उडायचे. टेपरेकॉर्डरची कॅसेट अडकली की एका हाताने ती ओढून काढणारे चालक मी पाहिले आहेत. मी स्वतः एकदा घाटात, पानाची डबी सीटखाली पडली म्हणून वाकलो आणि वर पाहिले तेव्हा गाडीचे पुढचे चाक कठड्यापासून हातभर अंतरावर होते. मागे चाळीस माणसे होती आणि त्यांतल्या एकालाही ते कळले नाही. त्यानंतर खाली पडलेली वस्तू पुढचा थांबा येईपर्यंत तिथेच पडू द्यायची, हा नियम मी केला आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. फोन आला तेव्हा तोच नियम त्याला लावला. गाडी सुरू करण्याआधी तो वाहकाच्या पिशवीत जायचा. घरी सांगून ठेवले होते की खरोखरच कुणाचे बरेवाईट झाले तर वाहकाला फोन करा. इतक्या वर्षांत असा फोन दोनदा आला, आणि दोन्ही वेळा वाहकाने बस थांब्यावर उभी राहिल्यावरच मला सांगितले.

डिचोलीकर

सर्वांचा मान राखून वेगळे मत मांडतो. सगळा दोष फोनवर ढकलला की रस्ते करणारे सुटतात. खड्डे, दिवे नसलेली वळणे, मोकाट गुरे, पुलांच्या कामांसाठी रात्रीतून बदललेले मार्ग आणि त्यांवर धड फलकही नाहीत, यांविषयी कुणी बोलणार आहे की नाही? काकांच्या मुलीने फोन घेतला नसता तरी बैल तिथे होताच.

अंत्रुजकर

डिचोलीकर, बैल तिथे होता, आणि तो रोजच असतो. त्या वळणावर दिवा नाही हेही खरे, आणि त्यासाठी मी पंचायतीत अर्ज दिला आहे. पण माझी मुलगी त्याच रस्त्याने तीन वर्षे सुखरूप येत होती. आपला रस्ता असा आहे म्हणूनच त्यावर लक्ष जास्त लागते. दिवा कधी लागेल ते पंचायतीच्या हाती आहे, फोन न करणे त्या दिवशी माझ्या हाती होते.

वकिली_चष्मा

कायदा काय म्हणतो याविषयी बरेच गैरसमज दिसतात, म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्याच्या प्रकारांत स्पष्टपणे घातले गेले. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. कैदेची तरतूद आहे हेच अनेकांना माहीत नसते, कारण लोकांच्या अनुभवात फक्त चलन येते. याखेरीज परवाना निलंबित होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच, वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे राज्यांना कळवले होते.

2020 मध्ये केंद्रीय नियमांत बदल होऊन, मार्ग पाहण्यापुरता फोन वापरण्यास मुभा मिळाली, पण चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. त्या मुभेचा अर्थ लोक "नकाशा लावला की फोन हातात चालतो" असा घेतात, आणि तो चुकीचा आहे. दुसरीकडे, कायद्यात शब्द "हातात धरायचे साधन" असा असल्यामुळे साष्टीकरांच्या ब्लूटूथवर या शब्दांत बोट ठेवता येत नाही. कायद्याने न पकडलेले आणि धोक्याचे नसलेले, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मी वकील असूनच सांगतो.

आकडेवारीविषयी एक गोष्ट. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे 71 टक्के मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण लिहिले गेले. घसटलेल्या टायरची खूण डांबरावर राहते, पण चालकाचे मन कुठे होते याची खूण कुठेच राहत नाही. चालक स्वतःहून "मी बोलत होतो" असे सांगत नाही आणि पंचनाम्यात "भरधाव व निष्काळजीपणे" हे ठरलेले शब्द येतात. फोनमुळे झालेले किती अपघात त्या शब्दांखाली गेले असतील, याचा विचार करावा.

रुग्णसेविका

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात अकरा वर्षे काम करते. वकिलीसाहेब म्हणतात ते आम्ही रोज पाहतो. कसा पडलास विचारले की "कुत्रा आडवा आला", "चिखलावरून घसरलो", "समोरच्याने कट मारला", अशी उत्तरे मिळतात. ती खोटी असतात असे मी म्हणणार नाही. पण शुद्धीवर असलेला तरुण रुग्ण पहिला प्रश्न पुष्कळदा "माझा फोन कुठे आहे?" असा विचारतो, आणि बरोबर आलेल्याने तो दिला की काच फुटलेल्या पडद्यावर अर्धवट लिहिलेला निरोप तसाच असतो. मी दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. एकावर नुसते "हो येतोय" लिहिलेले होते.

काका, तुमच्या मुलीपाशी जे लोक थांबले त्यांना कुणी पोलिसांच्या भानगडीची भीती घातली नाही, हे चांगले झाले. त्या भीतीने आजही लोक थांबत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीतले कलम 134अ जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते, आणि नाव-पत्ता सांगायचा की नाही हे त्या माणसाच्या इच्छेवर असते. 108 वर फोन करा, जागा नेमकी सांगा, म्हणजे गावाचे नाव, जवळचे देऊळ किंवा कपेल (छोटे प्रार्थनामंदिर), पुलाची कुठली बाजू. हेल्मेट ओढून काढू नका. मानेला मार असेल तर तेवढ्या ओढण्याने कायमचे नुकसान होते. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान आणि डोके स्थिर धरून, ते हळूहळू काढावे. आणि पाणी पाजू नका, कितीही मागितले तरी. पुढे भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे.

घरपोच

मी घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करतो. इथे सगळे फोन बाजूला ठेवा म्हणतात, तर माझी अडचण मांडतो. माझा फोन हेच माझे काम आहे. तो हँडलवर बांधलेला असतो. गाडी चालू असताना नवी ऑर्डर वाजते आणि ती घेण्यासाठी मोजके सेकंद असतात. थांबून, बाजूला घेऊन, पाहून होईपर्यंत ती दुसऱ्याकडे गेलेली असते. मग गिऱ्हाईक फोन करते, "कुठे पोहोचलात?" ते उत्तर त्यांच्या पडद्यावर नकाशात दिसतच असते, तरीही फोन येतो. पर्वरीच्या चढावर, उड्डाणपुलाच्या कामाच्या गर्दीत, मी एका संध्याकाळी असे चार फोन घेतले आहेत.

गेल्या पावसाळ्यात घसरून पडल्यावर मी एक ठरवले. चालत्या गाडीवर आलेली ऑर्डर जाऊ द्यायची, उभा असताना आलेली घ्यायची. दिवसाला दोन-तीन ऑर्डरी कमी होतात आणि महिन्याच्या शेवटी ते जाणवते, हे खोटे कशाला सांगू. पण हाताला प्लास्टर होते ते पाच आठवडे एकही ऑर्डर झाली नव्हती. माझी विनंती एवढीच की नकाशावर आम्ही सरकताना दिसत असू, तर फोन करू नका. जेवण पाच मिनिटांनी उशिरा येईल.

बार्देशकर

आमच्या कळंगुट-कांदोळी भागात या गोष्टीला निराळेच रूप आहे. भाड्याच्या स्कूटरवर दोन पर्यटक असतात, मागचा नकाशा वाचतो आणि पुढचा मान वळवून त्याच्या हातातला पडदा पाहतो. नकाशा त्यांना जवळची वाट म्हणून वाड्यातल्या बोळात घालतो, जिथे दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे असतात आणि वळणापलीकडचे काहीही दिसत नाही. स्थानिक माणूस तिथे हॉर्न वाजवून वळतो, आणि हे मात्र पडद्यावरची निळी रेघ पाहत वळतात. मी गाड्या भाड्याने देतो, त्यामुळे हे लिहिताना दोषाचा वाटा माझाही आहे. हल्ली किल्ली देण्याआधी मी वाट तोंडी समजावतो, आवाज चालू करून फोन खिशात ठेवायला सांगतो, चुकलात तर थांबून पाहा असे बजावतो. किती जण ऐकतात, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मला दिसते. दहातले चार ऐकतात.

साष्टीकर

मुळगावच्या साहेबांचे वाचून मी चार दिवस ब्लूटूथ घरी ठेवले. प्रामाणिकपणे सांगतो, मला ते पूर्ण पटले नव्हते. तिसऱ्या दिवशी कुठ्ठाळीजवळ एक गोष्ट लक्षात आली. रस्त्याकडेला एक नवा फलक होता, तो कधी लागला असे मी कार्यालयात विचारले, तर तो दीड वर्षापासून तिथेच आहे म्हणे. मी त्याच्या समोरून रोज दोनदा गेलो आहे.

मुळगावचा

साष्टीकर, याहून चांगला पुरावा माझ्याजवळ नाही. एक भर घालतो. बोलणे संपले की मन लगेच रस्त्यावर येते असेही नाही. 2015 मध्ये अमेरिकेतील एका वाहन सुरक्षा प्रतिष्ठानाने काही गाड्यांतील आवाजी आज्ञांच्या यंत्रणांची चाचणी घेतली, तेव्हा काम आटोपल्यावरही लक्ष विचलित राहण्याचा काळ 27 सेकंदांपर्यंत गेलेला आढळला. सिग्नलला उभे असताना निरोप वाचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हिरवा दिवा लागल्यावर पहिला चौक ते त्या निरोपातच ओलांडतात.

अंत्रुजकर

सर्वांचे आभार. विचारले होते तसे, आमच्या घरी आता काय ठरले तेही सांगतो.

गणेश चवथीनंतर मुलगी पुन्हा स्कूटरवरून कामाला जाऊ लागली. निघताना ती एक शब्द पाठवते, "निघाले", आणि फोन सीटखालच्या डिकीत टाकते. हा उपाय तिचाच. खिशात असला की थरथरतो आणि मन तिकडे जाते, असे ती म्हणाली. मी, तिची आई आणि तिची मावशी, कुणीही त्यानंतर फोन करायचा नाही. मावशीला हे पटवणे सर्वांत कठीण गेले. जुन्या चालकांच्या वाहकासारखी सोय म्हणून, खरेच काही घडले तर बोरीत आमच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत, त्यांना सांगायचे. ती तिथे रोज क्षणभर थांबते आणि तिथूनच पाव घेते.

मला हा पाऊण तास अजून जड जातो. काल पाऊस होता आणि तिला यायला नेहमीपेक्षा पंचवीस मिनिटे उशीर झाला. दोन वेळा मी उठून आत गेलो आणि फोन हातात घेऊन परत ठेवला. शेवटी तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. सव्वासातला गेटपाशी स्कूटरचा दिवा दिसला. पिशवीतले पाव वरच्या बाजूने थोडे भिजले होते.